सर चार्ल्स फोर्ब्स : पेढीपासून पार्लमेंटपर्यंत

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम या दोन गव्हर्नरांच्या पुतळ्यांबरोबर एका व्यापाऱ्याचाही पुतळा आहे. तो सर चार्ल्स फोर्ब्स यांचा होय. मुलकी अथवा लष्करी सेवेत नसलेल्या पुरुषाचा पुतळा हिंदी लोकांनी वर्गणी जमवून उभारल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

फोर्ब्स हे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यातील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. तरुण वयातच ते मुंबईस आले आणि त्यांचे आप्त जॉन फोर्ब्स यांनी १७६७ मध्ये स्थापन केलेल्या पेढीचे पुढे प्रमुख झाले. गुजरातचा कापूस चीनला पाठविणे, ठेवी स्वीकारणे आणि कर्जे देणे हे अशा पेढ्यांचे व्यवसाय होते. मुंबई सरकारचा खर्च त्याच्या महसुलातून भागत नसे. त्यामुळे १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धकाळात सरकारने याच पेढ्यांकडून पैसा उभा केला. कंपनीचे राज्य आणि पेढ्यांची भरभराट ही अशा रीतीने एकमेकांच्या आधाराने वाढली.

१८११ मध्ये फोर्ब्स मायदेशी परतले. १८१२ पासून १८३२ पर्यंत, प्रथम बेव्हर्ली व नंतर माम्सबरी या मतदारसंघांतून निवडून येऊन, ते पार्लमेंटचे सभासद होते. १८२३ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. ज्या कंपनीच्या छायेत त्यांनी संपत्ती मिळविली, तिच्याच भागधारकांच्या सभेत आणि पार्लमेंटमध्येही त्यांनी हिंदी प्रजेला न्याय मिळावा म्हणून आवाज उठविला. मुंबईकरांना शुद्ध पाणी मिळावे यासाठी त्यांनी मोठी रक्कमही दिली. पाण्याची टंचाई ही त्या शहराची जुनी व्यथा होती. विहार तलावाची योजना पूर्ण होण्यास १८६० साल उजाडावे लागले.

त्यांनी मुंबई सोडल्यावर २७ वर्षांनी येथील लोकांनी ९,००० पौंडांची वर्गणी जमविली आणि शिल्पकार सर फ्रान्सिस चँट्री यांच्याकडून हा पुतळा घडवून घेतला. १८४९ मध्ये फोर्ब्स यांचे निधन झाले.

या कृतज्ञतेमागे एक उणीवही दडलेली होती. ज्या सभागृहात हिंदुस्थानचे भवितव्य ठरत असे, तेथे हिंदी प्रजेला मत नव्हते. तिची बाजू एखाद्या परतलेल्या व्यापाऱ्याच्या सद्भावनेवर अवलंबून होती. मुंबईत वाढलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये त्याच सभागृहात निवडून गेले, तेव्हा हिंदी माणसाची बाजू तेथे हिंदी माणसाच्याच तोंडून ऐकू येऊ लागली.