माशांची वंशावळ

नदीतील दोन माशांचे परस्परांशी नाते कोणते, हे ठरविण्यासाठी पूर्वी खवल्यांची संख्या, परांचा रंग, तोंडाची ठेवण अशा बाह्य लक्षणांचाच आधार घेतला जात असे. ही लक्षणे उपयुक्त खरी. परंतु वय, आहार व परिस्थिती यांनुसार ती पालटतात. त्यामुळे एकाच जातीचे मासे निराळे भासतात, तर भिन्न जातींचे मासे एकच वाटतात.

अशा वेळी जनुकांचा पुरावा उपयोगी पडतो. पेशीतील डी.एन.ए. म्हणजे चार घटकांच्या क्रमाने लिहिलेला जणू एक लेखच होय. पिढ्यानुपिढ्या त्याची नक्कल होत असता क्वचित एखादा फरक पडतो व तो पुढील पिढीत उतरतो. जुन्या पोथ्यांतही असेच घडे. एका लेखनिकाची चूक त्या पोथीवरून केलेल्या सर्व प्रतींत येई. म्हणून समान चुका असलेल्या प्रतींचे मूळ एक मानले जाते. त्याचप्रमाणे, ज्या दोन माशांच्या डी.एन.ए.मध्ये असे समान बदल अधिक, त्यांचे पूर्वज बहुधा अलीकडच्या काळापर्यंत एकच होते. या तुलनेसाठी तंतुकणिकांतील, मातेकडून येणारा डी.एन.ए. विशेष सोयीचा असतो.

कावेरीच्या खोऱ्यातील कुबडा महसीर हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. 1946 साली कबिनी नदीत या माशाचा 120 पौंड वजनाचा नमुना गळास लागला होता. एवढी कीर्ती असूनही त्याला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. इकडे सर्वांना महसीर या एकाच नावाने ओळखले जाई. मुळा-मुठेच्या परिसरातून साइक्स यांनी 1839 मध्ये वर्णिलेला टॉर खुद्री हा निळसर परांचा महसीर लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून त्याची पिले कावेरीत सोडण्यात आली. हेतू संवर्धनाचा होता. परंतु नारिंगी परांचा मूळ रहिवासी कमी होत गेला आणि पाहुणाच वाढला.

2018 मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन व त्यांचे सहकारी यांनी शरीररचना व डी.एन.ए. या दोहोंची तुलना प्रसिद्ध केली. केरळातील पांबार या कावेरीच्या उपखोऱ्यातील नदीतून 2007 मध्ये लहान माशांवरून वर्णिलेली टॉर रेमादेवी ही जाती आणि कुबडा महसीर एकच आहेत, असे त्यातून सिद्ध झाले. नाव निश्चित होताच त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली.

नदीत मासे सोडले म्हणजे संवर्धन झाले, असे नव्हे. कोणत्या नदीत कोणता मासा मूळचा, हे आधी जाणले पाहिजे. शिक्षकांनी मुलांकडून गावच्या नदी-ओढ्यांतील माशांची स्थानिक नावे, रंग व आकार यांची वही तयार करून घ्यावी. नात्याचा निर्णय प्रयोगशाळा करील. परंतु ओळखीचा आरंभ डोळस निरीक्षणानेच होतो.