छेदात काय घ्यायचं?

एअर इंडियाच्या एअरबस ए३५०-९०० विमानात ३१६ सीट्स आहेत, त्यात बिझनेस क्लासच्या फक्त २८. जेमतेम ९ टक्के! दिल्ली-लंडनसारख्या लांबच्या मार्गावर एवढ्याशा सीट्सचा एवढा गाजावाजा कशाला?

थांबा. छेदात सीट्स घेतल्या म्हणून हे उत्तर आलं. आता जागा घेऊन बघा. इकॉनॉमीत एका रांगेत ९ जण बसतात, बिझनेसमध्ये जवळपास त्याच रुंदीत ४. शिवाय सीटचा सपाट पलंग होतो, म्हणजे लांबीही जास्त लागते. त्यामुळे तिकीट तिप्पट महाग असलं तरी चौरस फुटामागे कंपनीला जास्त मिळतंच असं नाही. (तोंडी परीक्षेत हमखास विचारतात हे.) आणि सीट रिकामी गेली तर? छेदात एकूण जागा की फक्त विकलेली, हे प्रस्तावातच लिहावं लागतं.