‘बाकी’ म्हणजे काय, आणि कोणाची?

कापड बाजारात दिवसातून सर्वात जास्त वेळा कानावर पडणारे शब्द दोन. एक ‘भाव’ आणि दुसरा ‘बाकी’. भावाबद्दल रोज बोलले जाते, लिहिले जाते. ‘बाकी’ हा शब्द मात्र आपण न विचार करता वापरतो. शब्द गणिताचा, पण त्यावरून वर्षानुवर्षांचे व्यवहार तुटतात आणि भावाभावांत दावे लागतात. म्हणून त्याची ओळख करून घेणे व्यापारी बांधवांच्या हिताचे आहे.

शब्दाचे मूळ

‘बाकी’ हा अरबी शब्द. बे, काफ, ये या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ उरणे, टिकून राहणे. ‘बका’ म्हणजे कायम राहणे, हा शब्द याच धातूचा. अल्लाहच्या नावांत ‘अल-बाकी’ आहे, म्हणजे सदैव राहणारा. त्यावरूनच आपल्यात अब्दुल बाकी हे नाव ठेवतात. तेव्हा मुळात या शब्दात कर्ज नाही आणि तोटाही नाही. बाकीचे गेल्यावर जे राहते ते बाकी, एवढाच त्याचा अर्थ.

ही बाकी नेहमी किरकोळ असते असेही नाही. वारसाहक्काचा हिशेब पाहा. मयताच्या मालमत्तेतून कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसियत वजा केल्यावर समजा 2,40,000 रुपये राहिले. वारस फक्त पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. पत्नीचा ठरलेला हिस्सा आठवा, म्हणजे 30,000. बाकी 2,10,000. त्यातून मुलाला 1,40,000 आणि मुलीला 70,000. येथे मोठी रक्कम ‘बाकी’तच आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग अशाच वसियत व वारसाच्या हिशेबांचा आहे.

वजा आणि बाकी

माझे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. तेथे जमा, तफरीक, जरब, तकसीम शिकवीत. शेजारच्या मराठी शाळेत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. मौज अशी की मराठीतल्या ‘वजाबाकी’चे दोन्ही तुकडे अरबी आहेत. ‘वजा’चा मूळ अर्थ खाली ठेवणे. त्यावरून बाजूला काढणे, कापून घेणे असा अर्थ झाला. काढले ते वजा, राहिले ते बाकी. कृती आणि उत्तर दोन्ही एकाच शब्दात आले. उर्दूतला ‘तफरीक’ हा ‘फरक’ या शब्दाचा भाऊ, आणि फरकही मराठीत आहेच.

हा शब्द आपल्याकडे रुजला तो सरकारी दफ्तरांतून. मोगल काळातील महसुली हिशेबाचे तीन भाग होते: जमा, वासिल आणि बाकी. जमा म्हणजे आकारलेला सारा, वासिल म्हणजे हाती आलेला, आणि न आलेला तो बाकी. उत्तरेकडील तहसील कचेऱ्यांत हा हिशेब ठेवणाऱ्यास ‘वासिलबाकीनवीस’ म्हणत. आपला ‘वसूल’ हा शब्द वासिलच्याच घरचा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरीही बाकी आणि वसूल लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द दूरवर पोहोचला आहे. गुजरातीत वजाबाकीला ‘बादबाकी’ म्हणतात. बंगालमध्ये ‘बाकी’ने माल घेणे म्हणजे उधारीवर घेणे. तुर्कस्तानात खात्यातील शिलकेला ‘बकिये’ म्हणतात. मलाय भाषेतही शिलकेला ‘बाकी’च म्हणतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिलीत ‘बाकी’ म्हणजे राहणे.

वहीतली बाकी

आता मुद्द्याचे. मराठी वहीत हाती असलेल्या पैशाला आपण ‘शिल्लक’ म्हणतो आणि न आलेल्या किंवा न दिलेल्या पैशाला ‘बाकी’. हिंदी वहीत मात्र ‘रोकड बाकी’ म्हणजे हातातली रोकड. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या बाजारात सर्व प्रांतांचे व्यापारी येतात. तेथे नुसते “बाकी पंधरा हजार” म्हटल्याने गैरसमज होऊ शकतो. हा शब्द काय उरले ते सांगतो, कोणाकडे उरले ते सांगत नाही.

समजा 48,600 रुपयांचा माल दिला. डागी तागे परत आले, ते 3,600 वजा. रोख आले 30,000. बाकी 15,000. आपल्या खतावणीत ही ‘येणे बाकी’, गिऱ्हाइकाच्या वहीत तीच ‘देणे बाकी’. परत आलेल्या ताग्यांची नोंद एकाने केली आणि दुसऱ्याने केली नाही, तर दोघांच्या बाकीत 3,600 चा फरक पडतो. प्रत्येकाला आपली वही खरी वाटते आणि भांडण सुरू होते.

या बाकीला मुदतही असते. 1963 च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून नवी मुदत मिळते. नुसत्या तोंडी वायद्याने मिळत नाही. शिवाय केवळ आपल्या वहीतील नोंदीवर दुसऱ्यावर देणे लादता येत नाही. हा नियम 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि 2023 च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे ‘बाकी’ हा शब्द घेणाऱ्याने लिहून भागत नाही, तो देणाऱ्याने मान्य करावा लागतो.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि मजकूर ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा असे म्हटले आहे. कायदा देणेकऱ्याची सही मागतो, त्यातही हेच तत्त्व आहे.

तेव्हा दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक खात्याचा उतारा काढावा. त्यावर ‘येणे बाकी’ किंवा ‘देणे बाकी’ असे स्पष्ट लिहावे, रक्कम आकड्यांत व अक्षरांत टाकावी आणि समोरच्याची तारखेसह सही घ्यावी. सही मागण्यात अविश्वास नाही. आज फरक निघाला तर तो चहा पिता पिता मिटतो. तीन वर्षांनी निघाला तर पैसाही जातो आणि माणूसही.