नासाकोटर कर्करोगातील नेत्ररक्षक शस्त्रक्रिया

नाकाभोवतीच्या अस्थींमधील हवेने भरलेल्या पोकळ्यांचा (नासाकोटरांचा) कर्करोग डोळ्याच्या खोबणीकडे पसरला असता, नेत्रगोल न काढता केवळ रोगग्रस्त ऊतके काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. हा कर्करोग विरळा असून बहुधा वरच्या जबड्याच्या हाडातील कोटरात आणि त्याखालोखाल दोन डोळ्यांमधील चाळणीसारख्या अस्थीच्या कोटरांत उद्‌भवतो. पोकळीत गाठीला वाढण्यास जागा मिळते; त्यामुळे प्रारंभी नाक चोंदणे वा रक्तमिश्रित स्राव एवढीच लक्षणे असतात व ती सर्दीची मानली जातात. डोळा पुढे येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा सतत पाणी गळणे यांमुळे रोगी तपासणीस येतो, तेव्हा रोग बहुधा खोबणीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला असतो.

खोबणीची नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ असते. हाडाच्या आतल्या बाजूचे पर्यस्थिकला हे चिवट पटल मात्र कर्करोगास बराच काळ थोपवून धरते. पूर्वी हाड झिजलेले दिसताच डोळ्यासह संपूर्ण खोबणी रिकामी करीत. पटल अभंग असल्यास डोळा राखूनही रोग स्थानिक रीत्या अधिक प्रमाणात उलटत नाही, असा अनुभव व्हर्जिनिया विद्यापीठातील शस्त्रवैद्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला व तो पुढे इतरत्रही आला. आता पटलाचा मर्यादित भाग बाधित असल्यास तेवढाच कापून डोळा राखतात. नेत्रगोल, त्याचे स्नायू किंवा खोबणीचे टोक ग्रासले असल्यास ही शस्त्रक्रिया सहसा योग्य ठरत नाही. टोकापाशी तर डोळा काढूनही रोग निःशेष होण्याची खात्री नसते.

सीटी व एमआरआय चित्रणांवरून पटलाच्या स्थितीचा अंदाज येतो; निर्णय मात्र पुष्कळदा शस्त्रक्रिया चालू असताना, ऊतकाचा गोठवलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा लागतो. म्हणून भूल देण्यापूर्वी रोग्यास दोन्ही शक्यता सांगून दोहोंसाठी संमती घेणे आवश्यक असते. एकच डोळा दिसत असलेल्या रोग्याच्या बाबतीत हा प्रश्न फार बिकट होतो.

राखलेल्या डोळ्यास दृष्टी राहतेच असे नाही. खोबणीचा तळ काढल्यास डोळा खाली घसरतो व द्विदृष्टी येते. यासाठी अस्थिकलम, टिटॅनियमची जाळी किंवा स्नायुपट्टा यांचा आधार देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रारण चिकित्सेमुळे नेत्रशुष्कता व मोतीबिंदू होऊ शकतात, तसेच जालपटल व दृक्‌तंत्रिका यांना इजा होऊ शकते. मात्रेचे अचूक नियंत्रण करणाऱ्या नव्या पद्धतींनी हा धोका कमी झाला आहे.