ब्रेक लावला तरी खुर्ची कलंडते

व्हीलचेअरचा ब्रेक लावला की बसणारा सुरक्षित, असा समज घरोघरी आढळतो. ब्रेक फक्त चाकं अडवतो. तोल ठरतो गुरुत्वमध्यावर (सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू). हा बिंदू चाकांच्या टेकूबाहेर गेला की खुर्ची उलटते. सायकलच्या कॅरिअरवर जड पोतं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं. खुर्चीच्या पाठीला अडकवलेली भरलेली पिशवी तेच करते. ती सीटखाली ठेवावी. चढावर अंग पुढे झुकवावं. उठताना पायपट्ट्यांवर उभं राहणं फार धोक्याचं, कारण तेव्हा खुर्ची पुढे कलंडते आणि ब्रेक लावलेला असूनही उपयोग होत नाही. ब्रेक लावाच, पण पट्ट्या वर दुमडून, पाय जमिनीवर टेकवून मगच उठा.