पूरमैदानातील पाणथळ आणि पक्षिनिरीक्षण : नांदूर मधमेश्वर

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या अरुंद घळीतून वाहते. तिथे पुराच्या पाण्याला पसरायला जागाच नाही. ते फक्त उंच चढते. नदी सपाट प्रदेशात आली की पूर काठाबाहेर पसरतो, त्याचा वेग मंदावतो आणि सोबतचा गाळ खाली बसतो. अशा गाळाच्या सपाट पट्ट्याला पूरमैदान म्हणतात. असे ठिकाण पाहायचे असेल, तर नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला जावे.

येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश सिंचनाचा होता. कोपरगाव-राहात्याच्या शेतीला जाणारे कालवे इथूनच निघतात. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. मात्र बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. उथळ पाणी, चिखल, बेटे आणि पाणकणसाची दाटी तयार झाली. 1986 मध्ये अभयारण्य घोषित झाले, आणि पुढे हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. जानेवारी 2020 मध्ये ती बातमी आली.

उथळपणा इतका महत्त्वाचा का? चमचा चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवून भक्ष्य शोधतो, चित्रबलाक पाण्यात उभा राहून मासे टिपतो. दोघांनाही पायाखाली तळ हवा. थापट्या बदक पृष्ठभागावरचे पाणी चोचीने गाळते, तर तलवार बदक शेपूट वर करून मान बुडवते आणि तळाशी पोहोचते. पाणी हातभर वाढले तरी कोणाला जेवण मिळणार, हे बदलते. आता लक्षात घ्या : वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेले पाणी इथे येते आणि कालव्यांतून शेताकडे जाते. म्हणजे पातळी ठरवताना शेतकऱ्याची गरज आधी येते. ती चुकीची नाही, पण पक्ष्यांच्या वाट्याला उरेल ते येते. त्यात गाळ वाढतोच आहे (ज्या गाळाने जागा घडवली, तोच ती हळूहळू बुजवतो) आणि जलपर्णी उघडे पाणी झाकून टाकते.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब आणि क्रौंचांचे थवे तेव्हा असतात. पहाटे पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा, भडक कपडे टाळा. दुर्बीण नसेल तर चापडगावजवळच्या निरीक्षण मनोऱ्याकडे जाताना तिची सोय आहे का, हे प्रवेशद्वारावरच विचारा. वारकरी पक्षी एकदम एकत्र गोळा झाले, तर आकाशात पाहा; बहुधा दलदली भोवत्या घिरट्या घालत असतो.

तुमच्यामुळे पक्षी अस्वस्थ झाले आहेत, हे ते उडण्याआधीच कळते. आधी खाणे थांबते, मग माना वर होतात. तिथेच थांबा, किंवा दोन पावले मागे या. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा विनाकारण उड्डाणांत खर्च होते. छायाचित्रासाठी थवा उडवणाऱ्यांना हे सांगायला संकोच करू नका.