गाळलेली जागा भरू नका!

सातपूर म्हटले की औद्योगिक वसाहत, भोंगे आणि पाळ्या आठवतात. पण पाळीत काम करायला लोखंडाचे यंत्रच लागते असे नाही. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेल्या रुग्णाच्या नोंदी ऐकून टाइप करणे, म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, हेही पाळीचेच काम. हिवाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा सातपूरला दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात झालेले असतात. तिथला डॉक्टर झोपेतून उठेपर्यंत त्याच्या नोंदी टाइप होऊन तयार! या फरकाच्या जोरावरच भारतात हा व्यवसाय वाढला.

बीएस्सी झालेल्या शिकाऊ उमेदवाराला वाटते, इंग्रजी बरे आहे, टायपिंगचा वेग आहे, मग अडचण काय? कानाला हेडफोन, पायाखाली शिलाई मशीनसारखे पेडल; दाबले की आवाज सुरू, सोडले की बंद. खरी परीक्षा कानाची. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांत एका अक्षराचा फरक, अर्थ मात्र उलटे. ‘इलियम’ तर दोन आहेत, उच्चार एकच. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरे कमरेचे हाड. कोणते स्पेलिंग लिहायचे हे पुढचे-मागचे वाक्य समजल्याशिवाय कळत नाही. म्हणून टायपिंगच्या आधी शरीररचना शिकावी लागते.

चुकले तर काय होते? २००८ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका मधुमेही महिलेला रुग्णालयातून पुढील उपचारांसाठी दुसरीकडे हलवले. तिच्या नोंदी भारतात टाइप झाल्या होत्या. इन्सुलिन हवे होते ८ युनिट, कागदावर उतरले ८०. डॉक्टरने न तपासताच कागद पुढे गेला आणि तेवढे इंजेक्शन दिले गेले. इतक्या इन्सुलिनने रक्तातील साखर एकदम घसरते, मेंदूला ग्लुकोज मिळेनासे होते. ती महिला वाचली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. एका शून्याची किंमत!

आकड्यांचे नियम म्हणूनच कडक असतात. ‘१.० मिलिग्रॅम’ लिहायचे नाही, नुसते ‘१’ लिहायचे. टिंब पुसट झाले तर दहा वाचले जाईल. उलट अर्धा मिलिग्रॅम मात्र ‘०.५’ असाच. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण घाईतले इंग्रजी ‘यू’ शून्यासारखे दिसते.

आता संगणकच ऐकून लिहितो, मग माणूस कशाला? २०१८ साली अमेरिकेत अशा २१७ नोंदी तपासल्या गेल्या. यंत्राच्या कच्च्या मजकुरात दर शंभर शब्दांमागे सातहून अधिक चुका होत्या. ट्रान्स्क्रिप्शनिस्टच्या हाताखालून गेल्यावर हे प्रमाण ०.४ टक्क्यांवर आले. नव्या उमेदवाराच्या वाट्याला त्यामुळे टायपिंग कमी आणि दुरुस्ती जास्त येऊ लागली आहे. हे अधिक अवघड. यंत्राचे चुकीचे वाक्यही वाचायला छान, गुळगुळीत असते.

शाळेत आपल्याला ‘गाळलेल्या जागा भरा’ शिकवले. अंदाजाने भरले तरी अर्धा-एक गुण मिळून जायचा. इथे पहिल्या आठवड्यात ती सवय मोडावी लागते. शब्द तीनदा ऐकूनही कळला नाही, तर आधी वरिष्ठांना ऐकवायचा. त्यांनाही नाही लागला, तर जागा कोरी ठेवायची, ध्वनिफितीतली वेळ बाजूला लिहायची आणि नोंद डॉक्टरकडे परत पाठवायची.